बिरवाडीचे पंच आणि खेळाचा मालक

खेळ चालू असेपर्यंत पंच कधी खाली बसले नाहीत. बिरवाडीच्या त्यांच्या सायबर कॅफेत आठ कॉम्प्युटर आणि आठ खुर्च्या होत्या. आठही खुर्च्यांवर पोरं बसलेली असायची आणि हा पंचावन्नचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला, त्यांच्या पाठीमागे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत असायचा. एकदा मी स्टूल पुढे केलं तर म्हणाले, "पंच उभा हाय तोवर खेळाडूला वाटतं, कोणतरी बघतोय. बसला की वाटतं, ह्याचं बघून झालं."

ते मूळचे पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचे. महाड औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत ऑपरेटर होते, पण ती त्यांची ओळख नव्हती. महाड-पोलादपुरात कुठेही कबड्डीचे सामने असले की शिट्टी त्यांच्या गळ्यात. वीस-बावीस वर्षं त्यांनी पंच म्हणून काम केलं, तेही असं की हरलेला संघसुद्धा जाताना त्यांच्या पाया पडून जायचा. त्यांचं खरं नाव कॅफेच्या पाटीवर लिहिलेलं होतं. ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. त्यांची बायकोसुद्धा घरातून हाक मारायची ती "अहो पंच" अशीच.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती देऊ केली, पंचांनी ती घेतली आणि आलेल्या पैशांत हा कॅफे टाकला. बिरवाडीत तेव्हा वसाहतीत काम करणारी पोरं खोल्या घेऊन राहायची. ई-मेल पाहायला येणारे थोडे, खेळायला येणारे जास्त. पाच जणांनी पाच जणांवर गोळ्या झाडायच्या, असा एक परदेशी खेळ होता. त्या एका खेळावर कॅफे चालायचा. मी वसाहतीतल्याच एका कंपनीत डिस्पॅचला कारकून होतो, तिशी ओलांडलेली, लग्न झालेलं. मला कॉम्प्युटरचं थोडं कळायचं आणि इंग्रजी बरं होतं, म्हणून संध्याकाळी तिथे जायला लागलो आणि जातच राहिलो.

पंचांना तो खेळ कधी खेळता आला नाही. पण महिनाभर उभं राहून बघितल्यावर त्यांनी त्याला कबड्डीचे नियम लावून टाकले. खेळाआधी दोन्ही संघांनी हात मिळवायचे. शिवी दिली की एक डाव बाहेर. आणि 'मेला', 'मारला' हे शब्द बंद. "बाद झाला म्हणा. शेजारी आयाबाया राहतात, त्यांना काय वाटंल?" त्यामुळे बिरवाडीतली पोरं डोक्यात गोळी घातल्यावर "बाद, बाद" असं ओरडायची. बाहेरून एखाद्याला वाटावं, आत कबड्डीच चाललीय.

मग अर्थातच सामने आले. पहिल्या वर्षी सहा संघ, तेही गाववार. बिरवाडी, कापडे, महाड, पोलादपूर आणि आणखी दोन. सामन्यांच्या सकाळी मी गेलो तर दारात वजनकाटा ठेवलेला आणि पंच एकेका खेळाडूला त्यावर उभं करून वहीत वजन लिहितायत. तेवढ्यात नझीरभाई आले.

नझीरभाईंविषयी सांगायला हवं. महाडचे. दहा-बारा वर्षं कुवेतला काढून परत आलेले. महाडच्या बाजारपेठेत त्यांचाही एक कॅफे होता आणि दोन टेम्पो होते. तरुणपणी ते कबड्डीतले नावाजलेले चढाईपटू. पोलादपूरच्या एका अंतिम सामन्यात पंचांनी त्यांना शेवटच्या चढाईत बाद दिलं होतं आणि तिथून दोघांची दोस्ती सुरू झाली होती. सामन्यांसाठी कमी पडणारे कॉम्प्युटर नझीरभाई स्वतःच्या कॅफेतून टेम्पोत घालून आणायचे, गोधडीत गुंडाळून.

वजनकाटा बघून ते म्हणाले, "पंच, माऊस पकडायला किती किलोचा माणूस लागतो रे?"

"नियम तो नियम."

"मग लंगोट पण आणायला सांग पोरांना."

पंचांनी काटा आत नेऊन ठेवला, पण हसले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "तुझी जीभ चालते तेवढे पाय चालले असते, तर त्या दिवशी मध्यरेषा गाठली असतीस."

"गाठलेली. बोट होतं रेषेवर. अख्ख्या पोलादपुरानं बघितलंय."

"बोट होतं. दम नव्हता. तुझं कबड्डी कबड्डी केव्हाच बंद पडलेलं."

हे भांडण मी किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. दोघांनाही ते संपवायचं नव्हतं.

पंचांचं एक वाक्य होतं, "ज्याचं त्याला विचारावं." सामने भरवायचे म्हणजे ते महिनाभर आधी विचारायला बाहेर पडायचे. ग्रामपंचायतीला विचारायचे, पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचे. वीज मंडळाच्या साहेबांना भेटून त्या रविवारचं भारनियमन कधी आहे ते विचारायचे आणि सामन्यांची वेळ तशी लावायचे. मशिदीत जाऊन अजानच्या वेळा लिहून आणायचे, त्या वेळी स्पीकर बंद. एवढं करून शेवटी कापड्याला जाऊन ग्रामदेवीला कौल लावायचे. गुरव म्हणायचा, "पंच, देवीला हे कॉम्प्युटरचं कसं सांगू?" पंच म्हणायचे, "सामने हायत म्हणून सांग. तिला कळतं." देवी दरवर्षी उजवं फूल द्यायची.

खेळाच्या बाबतीतही त्यांनी हयगय केली नव्हती. त्या काळी सगळीकडे नकला करून चालवत. पंचांनी मुंबईहून त्या खेळाच्या सीडीची खरी डबी आणवली होती, पावतीसकट, आणि ती पावती फ्रेम करून भिंतीवर लावली होती. एका डबीवरून तो खेळ आठही कॉम्प्युटरवर घालणारा मी होतो. हे चालत नाही, ते मला माहीत होतं. पंचांना नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी सोळा संघ झाले. बिरवाडीतलं सभागृह घ्यायचं ठरलं. त्याआधी नझीरभाईंनी एकदा सुचवलं होतं, "या वर्षी महाडला घेऊ या. माझा वरचा गाळा रिकामा हाय, इंटरनेट चांगलं हाय." पंचांनी नकार दिला. बिरवाडीची पोरं रात्रपाळी करून येतात, त्यांनी झोपेतून उठून महाडला कुठे जायचं, हे त्यांचं म्हणणं. नझीरभाईंनी खांदे उडवले आणि विषय संपला. त्या वेळी तिथे सात-आठ माणसं होती. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

पत्रकं छापायचं काम माझ्याकडे होतं. डबीवरच्या बंदूकधारी सैनिकाचं चित्र आणि खेळाचं नाव वर ठळक. खाली ग्रामपंचायत सदस्यांची नावं, मग सौजन्य, मग आयोजक म्हणून पंच. माझं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत, 'विशेष सहकार्य' या मथळ्याखाली, मंडपवाल्याच्या शेजारी. पंचांनी ते वाचून "छान झालंय" म्हटलं. मलाच ते लागलं. आज लिहिताना लाज वाटते, पण खरं कारण एवढंच आहे. मला आयोजक व्हायचं होतं.

म्हणून दुपारच्या सुट्टीत मी कंपनीतल्या कॉम्प्युटरवरून त्या खेळाच्या मुंबईतल्या कार्यालयाला एक ई-मेल लिहिला. आम्ही तुमच्या खेळाचे मोठे सामने भरवतो, सोळा संघ आहेत, प्रवेश फी आहे, तिसरं वर्ष आहे, आपण बक्षिसं पुरस्कृत करावीत. सोबत पत्रक जोडलं आणि पंचांचा पूर्ण पत्ता दिला. बक्षिसं आली की सगळ्यांदेखत सांगायचं, असं ठरवून मी गप्प राहिलो. पंचांनाही विचारलं नाही.

सामन्यांना बारा दिवस उरले असताना रजिस्टर पोस्टानं वकिलाची नोटीस आली. पंच ती घेऊन थेट आमच्या कंपनीच्या फाटकावर आले. पाळी सुटत होती, मोटरसायकली आणि बसचा गोंगाट होता. "दिलीप, इंग्रजी हाय. वाच," असं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

मी एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेलो. डबी विकत घेतल्यानं घरी खेळण्याचा हक्क मिळतो, लोकांकडून फी घेऊन सामने भरवण्याचा नाही. खेळाचं नाव आणि चित्र परवान्याशिवाय छापता येत नाही. एक डबी एकाहून जास्त कॉम्प्युटरवर चालवता येत नाही. सामने थांबवावेत आणि तसं लेखी द्यावं, नाहीतर कारवाई होईल. मध्ये एक ओळ होती. तुमच्याच बाजूनं आमच्या अशिलांना आलेल्या ई-मेलवरून ही बाब उघडकीस आली आहे. ती ओळ मी वाचली आणि सांगितली नाही. सरळ पुढच्या वाक्यावर गेलो.

पंचांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण ह्यांना कळलं कसं?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही मुंबईला गेलो. पंचांना भांडायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की विचारायचं राहून गेलं, तर आता विचारू. पिशवीत कापड्याचे पाच किलो तांदूळ घेतले होते, साहेबांसाठी. मी वाटभर घाबरलेला होतो आणि पंच मला धीर देत होते. त्यांना वाटत होतं, मी नोटिशीला घाबरलोय.

कार्यालयातला अधिकारी तिशीचा, मराठी, वागायला चांगला होता. त्यानं चहा मागवला. पंच म्हणाले, "साहेब, मी चेंडू विकत घेतला, तर क्रिकेटचे सामने भरवताना चेंडूवाल्याला विचारतो काय? कबड्डीचा तर कोण मालकच नाय."

तो म्हणाला, "काका, चेंडू कुणीही शिवतो. हा खेळ शेकडो माणसांनी बसून घडवलाय. ती भिंत, तो जिना, ती बंदूक, सगळं कुणीतरी काढलंय. तुम्ही त्यांना न विचारता त्यावर तिकीट लावलंत."

पंचांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हे बरोबर हाय. घडवणारा माणूस असला, तर त्याला विचारायला हवा. माझं चुकलं. आता विचारतो. द्या परवानगी."

अधिकाऱ्यानं परवान्याचा अर्ज काढला. पंच तो उलटसुलट करून पाहू लागले. तेवढ्यात अधिकारी माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, तुमचा मेल फार मनापासून लिहिलेला होता, मलाच वाईट वाटलं, पण तो विधी विभागाकडे गेला आणि माझ्या हातात काही राहिलं नाही. मी घाईनं मान हलवली आणि अर्जावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" तो अर्जाकडे वळला.

अर्जात स्टेडियम होतं, मॉल होता, दूरचित्रवाणी होती. गावच्या सभागृहासाठी रकाना नव्हता. जी सगळ्यात कमी फी होती तेवढ्यात आमचे दहा वर्षांचे सामने झाले असते. लहान सामन्यांसाठी वेगळा परवाना नाही, पुढे कधीतरी येईल, नियम परदेशात ठरतात, असं त्यानं खरोखर ओशाळून सांगितलं.

पंच उठले. म्हणाले, "म्हंजे विचारायचं तुम्हाला, पण हो म्हणणारा इथं कोण नाय." तांदळाची पिशवी त्यांनी तरीही टेबलाजवळ ठेवली. "तुमचा दोष नाय. ठेवा. घरी करून खा."

परतीची एसटी पेणला थांबली. पंच खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नझीरनं कळवलं असंल का रे? त्याची ऊठबस मुंबईत हाय. कॉम्प्युटर तिथनंच आणतो. आणि सामने त्याला महाडला पायजे होते."

तेव्हा मला बोलता आलं असतं. शेजारी दुसरं कुणी नव्हतं. ते रागावले असते, चार दिवस बोलले नसते, पाचव्या दिवशी कॅफेत चहा मागवला असता. हे मला त्या क्षणीही माहीत होतं. मी म्हणालो, "सांगता येत नाही."

नाही म्हणालो असतो तरी नझीरभाई सुटले असते. मी तेवढंही म्हणालो नाही.

दोन दिवसांनी नझीरभाई टेम्पो घेऊन आले. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून मागे ठेवलेले. नोटिशीची बातमी त्यांना महाडला कळली होती. आत येत म्हणाले, "काय रे पंच, कोर्टात चाललास म्हणे? लंगोट घेतलास ना?" मग नझीरभाई खुर्चीवर बसून गंभीरपणे सांगू लागले. "बघ, नाव काढ, चित्र काढ. नुसतं सामने म्हण. नोटीस तुझ्या पत्त्यावर आलीय ना? मग माझ्या गाळ्यात भरवू. माझ्या नावानं. काय यायचं ते माझ्यावर येऊ दे."

पंच म्हणाले, "म्हंजे आधी माझे बंद पाडायचे. मग तुझ्या गाळ्यात भरवायचे."

नझीरभाईंना ते कळायलाच वेळ लागला. "म्हंजे? मी केलं, असं म्हणतोस?"

पंच भिंतीवरच्या त्या फ्रेमकडे बघत राहिले. नझीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी पंचांच्या रोजच्या बैठकीतला माणूस. मी की-बोर्डवरची धूळ पुसत होतो. नझीरभाई उठले, चप्पल घातली. दारातून म्हणाले, "बरं." बाहेर टेम्पो चालू झाल्याचा आवाज आला, आणि मग तो गेला.

पंचांनी सामने रद्द केले. लेखी दिलं, त्यावर माझ्याकडून वाचून घेऊन सही केली. मग माझ्या मोटरसायकलवर मागे बसून सोळा गावांच्या सोळा संघनायकांकडे गेले आणि प्रत्येकाला फी परत देऊन तेच सांगितलं, "खेळ दुसऱ्याचा होता. मी न विचारता घेतला. माझी चूक." पोरांनी खूप आग्रह केला, पत्रक न छापता गुपचूप खेळू म्हणाले. कुणाला कळणार होतं? पंच म्हणाले, "मला कळंल ना." कॅफे त्यानंतर वर्षभर चालला. मग त्यांनी तो बंद केला आणि कापड्याला भातशेती बघायला गेले. नझीरभाईंशी ते पुन्हा बोलले नाहीत. महाडच्या एसटी स्टँडवर दोघं समोरासमोर आल्याचं मी एकदा पाहिलं. दोघांनीही वाट बदलली.

तीन-चार वर्षांनी नझीरभाई हृदयविकारानं गेले. पंच कापड्याहून आले आणि कब्रस्तानात सगळ्यांच्या मागे, भिंतीला लागून उभे राहिले. माती द्यायला पुढे झाले नाहीत. त्यांचा तो चेहरा बघितल्यावर मला झोप लागेना. आठवडाभरानं मी कापड्याला गेलो. पंच अंगणात भात वाळत घालत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ई-मेल, गाळलेली ओळ, एसटीतलं उत्तर, सगळं.

ते भात पसरत राहिले. संपूर्ण अंगणभर पसरून झाल्यावर पायरीवर टेकले.

"तू खोटी साक्ष दिलीस," ते म्हणाले. "पण निकाल मी दिला. त्याचं काय म्हणणं हाय, हे मी त्याला विचारलं नाय. एवढ्या जणांना विचारत फिरलो, त्याला नाय."

मी म्हणालो, "चूक माझी आहे, पंच."

"तुझी हायच. तिचं तू बघ. माझी मला बघू दे."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन महाडला नझीरभाईंच्या घरी गेले. पण मोटरसायकल माझी होती, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो, असंच दिसत होतं. भाभी पडद्याआडून बाहेर येऊन बसल्या. पंच म्हणाले, "नझीरवर मी खोटा आळ घेतला. त्यानं काय केलं नव्हतं. मला आता कळलंय. त्याच्या तोंडावर सांगायचं होतं, ते राहिलं. म्हणून तुम्हाला सांगायला आलोय."

भाभींनी विचारलं, "मग कोणी केलं होतं?"

पंचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझं नाव घेणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी ती जागा मोकळी सोडली, माझ्यासाठी. खोलीत पंखा फिरत होता. मी बशीत चहा ओतला आणि पीत राहिलो. शेवटी पंचच म्हणाले, "आता त्याचा उपयोग नाय."

भाभींनी डोळे पुसले. "ते म्हणायचे, पंच रुसलाय. येईल तो, किती दिवस रुसेल. दर रविवारी म्हणायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही यांना आणलंत, फार बरं केलंत. अल्ला तुमचं भलं करो."

मी म्हणालो, "असू दे, भाभी."

पंच आता नाहीत. त्या दिवसाविषयी ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि मी कापड्याला जात राहिलो तेव्हा चहाही देत राहिले. नझीरभाईंच्या घरून दर ईदला माझ्याकडे शीरखुर्म्याचा डबा येतो. पंचांना घेऊन येणारा माणूस म्हणून येतो. आजवर मी तो घेत आलो, खाल्ला, धुऊन परत पाठवला. हे वाचल्यावर भाभी तो पाठवणार नाहीत. पाठवू नये.